बेडी देण्यास परवानगी

मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

हजेरीत माझं नाव कैदी पार्टीला, म्हणजे आरोपीच्या पहाऱ्याला, पुकारलं. अकरा महिने निलंबित होते, परत घेतल्याला आज अठरा दिवस झाले, आणि साहेबांनी नेमकी तीच ड्युटी दिली जिच्यापायी मी घरी बसले होते. सूर्यभान तात्या म्हणाले, "आरती, बुडालेल्याला पुन्यांदा पाण्यातच उतरावं लागतं. त्याबिगर भ्या जात न्हाई." तात्या आमच्यातले सगळ्यांत जुने हवालदार, दोन वर्षांत पेन्शनीत जातील. त्यांना बोलायला काय जातं!

ही वहीसुद्धा त्यांनीच लिहायला लावली. ठाण्याच्या डायरीत घडलेलं लिहायचं, पण आपलं आपण वेगळं लिहून ठेवायचं. चौकशीत पोलिसाला वाचवायला पोलीस येत नाही, वही येते, असं त्यांचं म्हणणं. गेल्या वेळी माझ्याकडे वही नव्हती.

गेल्या वेळचं लिहून टाकते, म्हणजे ते सारखं डोक्यात यायचं नाही. तालुक्याच्या कोर्टातून एका आरोपी बाईला एसटीने परत आणत होते. स्टँडवर ती म्हणाली, बाथरूमला जायचंय. मी दाराबाहेर उभी राहिले. मागच्या खिडकीला गज नव्हते. ती बाई अजून सापडलेली नाही. तिच्या हातात बेडी नव्हती, कारण परवानगी नव्हती. चौकशीत मी तेच सांगितलं तर साहेब म्हणाले, "बेडी नव्हती, पण तुम्हाला डोळे तर होते?" आता पुन्हा काही झालं तर निलंबन नाही, सरळ बडतर्फ. हे मला तोंडी सांगून झालेलं आहे.

आजची आरोपी बनुबाई. वय अठ्ठावन्न, राहुरीकडची, मुळा धरणाच्या खालच्या अंगाला गाव. बांधावरून भांडण झालं, हिने दिराच्या डोक्यात खोरं घातलं, दीर मेला. आठ महिने तुरुंगात आहे, केस उभी राहायचीय. पोटात गाठ आहे. रक्त कमी म्हणून आधी रक्त चढवणार, मग ऑपरेशन. सकाळी आठ ते रात्री आठ मी, रात्री आमच्यातलीच शोभा.

आणि एक देवच पावला. दवाखान्याच्या व्हरांड्यात तात्यांनी न्यायालयाच्या आदेशाची प्रत दिली. त्यात ओळ आहे : "आरोपी हिस उपचाराकामी रुग्णालयात दाखल करून बेडी देण्यास परवानगी देण्यात येते." मी ती तीनदा वाचली. बेडी खरं तर पायातली, हातातली ती हातकडी, पण आमच्यात हातकडीला सगळे बेडीच म्हणतात. आता अटक करताना किंवा कोर्टात नेताना काही गुन्ह्यांत बेडी लावता येते, पण दवाखान्यात खाटेला जखडायचं तर न्यायालयाला विचारावं लागतं, आणि न्यायालय सहसा नाहीच म्हणतं. इथे न मागता मिळालं. नेहमी 'लावण्यास' असं असतं, हे 'देण्यास' लिहिलंय, पण कोर्टाची भाषा आपल्याला कुठे कळते.

उजव्या मनगटात एक कडी, दुसरी खाटेच्या लोखंडी दांडीत. चावी मंगळसूत्रात ओवून कुडत्याच्या आत टाकली, दुसरी रात्रीसाठी शोभाकडे. बनुबाई माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "म्या काय उडून जानार हाय व्हय?" मी कडी एकदा ओढून पाहिली. ती पळालेलीही असंच गोड बोलायची.

बुधवार, ५ फेब्रुवारी

बाई साधी नाही. आज तिने तीन वेळा वेळ विचारली. एकदा वार विचारला. मग म्हणाली, "राहुरीची गाडी किती वाजता येती वो हितं?" मी म्हटलं, तुम्हाला कशाला पाहिजे? खाट खिडकीजवळ आहे, तिथून दवाखान्याचं फाटक दिसतं. सारखी मान वळवून फाटक बघते. वॉर्ड तळमजल्यावर आहे. मी खिडकीचे गज मोजले, हलवून पाहिले. नऊ आहेत, पक्के आहेत.

सिस्टरला विचारून खाट भिंतीकडे सरकवली. बनुबाई म्हणाली, "आता मला उजेड बी न्हाई का?" मला वाईट वाटलं, पण खाट तिथेच ठेवली.

शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा नवरा पेपर वाचत होता. मोठ्याने वाचून दाखवलं, 'दुचाकीचोराला ठोकल्या बेड्या'. मग बनुबाईच्या हाताकडे बघितलं आणि पेपर खाली केला. मला हसू येत होतं. पेपरात रोज कुणाला ना कुणाला बेड्या ठोकतात, नाहीतर मुसक्या आवळतात. नऊ वर्षांच्या नोकरीत मी बेडी लावली असेल चार वेळा. आरोपी बहुतेक आपल्याशेजारी एसटीत बसून शेंगदाणे खात येतो. लग्नात मामा मला म्हणाले होते, पडली बाई पोरीच्या पायात बेडी. ती पण पेपरातल्यासारखीच, म्हणायची.

हातातली मात्र वेगळी. आवाज होतो तिचा. बनुबाईने कूस बदलली की दांडीवर खळ्ळ होतं आणि माझी नजर झटकन तिकडे जाते. पुढच्या क्षणी बरं वाटतं, की आहे, जाग्यावर आहे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

बाथरूमला नेताना बेडी काढावी लागते, तेवढा वेळ माझा जीव माझा नसतो. आत सोबत गेले. दार लावू दिलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "पोरी, तुझ्या आईयेवढी हाय मी." मी छताकडे बघत उभी राहिले, पण बाहेर गेले नाही.

परत येऊन बेडी लावली. दोन दातरे आत जास्तच गेले असतील. हात बारीक आहे तिचा, सैल ठेवली तर निघेल असं वाटलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहिते.

दहाच्या सुमाराला मुळे डॉक्टर राउंडला आले. ऑपरेशन तेच करणार आहेत. वयाने माझ्याएवढेच, बोलायला तिखट. बनुबाईच्या डाव्या हाताला सलाईन लागून तो सुजलाय, म्हणून त्यांना उजवा हात पाहिजे होता. चादर बाजूला केली तर मनगटावर लाल वळ. म्हणाले, "हे काढा." मी म्हटलं, "सर, परवानगी आहे. लेखी आहे." म्हणाले, "दाखवा."

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. आणि हसायलाच लागले. "मॅडम, हा माझाच शब्द आहे. तुरुंगाच्या डॉक्टरांना मीच लिहून दिलं होतं, पेशंटला दाखल करून बेड द्यावा लागेल. त्यांनी अर्जात तेच लिहिलं. टाइप करताना कुणीतरी एक वेलांटी जास्त दिलीय. बेड, मॅडम. बेड! ज्याच्यावर ती झोपलीय तो."

सिस्टरही हसली. मी कागद त्यांच्या हातातून घेऊन ती ओळ पुन्हा वाचली.

मी म्हटलं, "सर, कागदावर बेडीच आहे. खाली न्यायाधीशांची सही आहे."

"तुम्हाला मराठी येतं ना? 'उपचाराकामी दाखल करून बेडी देण्यास'. बेडी काय औषध आहे?"

"मला अर्थ लावायचा अधिकार नाही, सर. आदेश पाळायचा आहे."

हे मी इतकं पटकन बोलले की माझं मलाच नवल वाटलं. डॉक्टरांचं हसू गेलं. म्हणाले, "सोमवारी मी न्यायालयाला पत्र लिहितो. तोवर तुमचं तुम्ही बघा." आज दुसरा शनिवार, कोर्ट बंद.

तात्यांना फोन केला. आधी तेही हसले. मग म्हणाले, "हे बघ, सही हाय का? हाय. शिक्का हाय का? हाय. आपुन काय शुद्धलेखन तपासाया बसलोय का? कागदावर बेडी हाय तवर बेडी. काढली अन् ती गेली, तर कोन ईल तुझ्या बाजूनं? तो डाक्टर?"

तात्यांचं बरोबर आहे. कुणी येणार नाही.

बनुबाईला काय कळलं आणि काय नाही कोण जाणे. डॉक्टर गेल्यावर तिने विचारलं, "चुकून लावली व्हय ही?" मी म्हटलं, "नाही. कागदावर तसं लिहिलंय." ती म्हणाली, "मग असंल."

रविवार, ९ फेब्रुवारी

तिच्या मुलीला भेटीची परवानगी होती. सत्यशीला नाव. बत्तीस वर्षांची असेल, राहुरीच्या पलीकडे दिलीय. आठ महिन्यांत पहिल्यांदा आली. मेलेला माणूस तिचा चुलता ना. सासरचे पाठवायला तयार नसणार.

सकाळपासून बनुबाईचं काहीतरी चालू होतं. "किती वाजलं? राहुरीची गाडी आली आसंल का?" मग गोधडी हनुवटीपर्यंत ओढून घेतली. उन्हं चढलेली, अंगाला घाम, तरी गोधडी सोडेना. उजवा हात पार आत. मुलगी आली, रडली, आईचा हात घ्यायला गेली तर हिने हात दिला नाही. गोधडीतून काढलाच नाही. मुलगी म्हणाली, "आई, अजून रागात हाय व्हय माझ्यावर? एवढी आली मी, हात बी देईना तू?" ही म्हणाली, "थंडी वाजती गं. जा आता तू, गाडी चुकंल." दहा मिनिटांत हाकलली. पोरगी डोळे पुसत गेली.

मला पक्का संशय आला. भर उन्हात थंडी? ती गेल्याबरोबर गोधडी काढली, खाटेची, उशीची, लुगड्याच्या ओच्याची झडती घेतली. काही सापडलं नाही. मुलीने दिलेला चिवड्याचा पुडाही ओतून पाहिला. बनुबाई भिंतीकडे तोंड करून झोपली. मनगटाची सूज आज बोटांपर्यंत आलीय.

रात्री नवऱ्याला, आदिनाथला, सांगितलं. तो सुप्याला कंपनीत आहे, दुसरी पाळी करून आला होता. जेवता जेवता म्हणाला, "तू तिला सोडत नाहीस ठीक आहे, पण मुलगी आल्यावर हात कशाला लपवला असेल, सांग बरं?" मी म्हटलं, तेच तर शोधत होते. त्याने ताट उचललं. म्हणाला, "झोप तू आता."

सोमवार, १० फेब्रुवारी

कोर्ट उघडलं. मनात आणलं असतं तर तात्यांमार्फत दुरुस्तीचा अर्ज आज जाऊ शकला असता. गेला नाही. डॉक्टर पत्र लिहिणार म्हणाले होते, मग मी कशाला मध्ये पडू, असं ठरवलं.

आदेशाची प्रत पर्समध्ये आहे. दिवसातून पाच-सहा वेळा काढून बघते. ती वेलांटी ठळक आहे, कुणी म्हणू शकणार नाही की शाईचा डाग आहे. तेवढाच आधार. मीच स्वतःला सांगते की मी अडाणी बाई, मला काय कळतं. बारावीला मराठीत सत्त्याहत्तर मार्क होते मला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सकाळी शोभाकडून चार्ज घेतला तर ती म्हणाली, म्हातारी रात्रभर कण्हत होती. बनुबाईने डाव्या हाताने उजव्याची बोटं धरली होती. म्हणाली, "पोरी, ही तीन बोटं मेली बघ. चावली तरी कळत न्हाई." आणि खरंच चावून दाखवली. दात उठले, पण चेहरा हलला नाही.

कडीच्या खाली कातडी काळीनिळी झाली होती. मंगळसूत्रातून चावी काढताना ती दोनदा खाली पडली. बेडी काढली. तात्यांना विचारलं नाही, कुणालाच विचारलं नाही. सिस्टरने मलम लावलं. डॉक्टर आले, बोटं दाबून पाहिली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फक्त म्हणाले, "लिहून ठेवा, सिस्टर. तारीख टाका."

मग भीती आली. बेडी लावलेली असताना होती ती काहीच नव्हती म्हणायची. बारा तास मोकळी बाई, मी एकटी, तळमजला, दाराशी शिपाई नाही. स्टूल खाटेला चिकटवलं, पण तेवढ्याने भागेना. माझी नजर एक क्षण हलली तर? मला जांभई आली तर? शेवटी तिचा डावा हात धरला. मनगटाच्या वर, घट्ट. जेवतानासुद्धा एका हाताने डबा खाल्ला. दुपारी तिला झोप लागली, तरी मी हात सोडला नाही. तिची नाडी लागत होती माझ्या बोटांना. फार जोरात चालली होती. झोपेत पण हिला पळायचंच दिसतंय, असं मला वाटलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आजही हात धरून बसले होते. साडेअकराला सत्यशीला पुन्हा भेटीची परवानगी घेऊन आली. तिला मी आधी दिसले, मग आमचे हात. ती दारातच थांबली. मग येऊन माझ्या पाया पडायला वाकली.

"ताई, आमच्या आईजवळ कोन न्हाई म्हनून मला रातभर झोप न्हवती. तुमी तर हात धरून बसलाय. पोलिसात बी आशी मानसं आसत्यात, मला ठाव न्हवतं."

मला बोलायचं होतं. काय बोलायचं होतं ते माहीत होतं. पण बनुबाई माझ्याकडे बघत होती आणि तिला सगळं माहीत होतं. मी हात काढून घ्यायला गेले, की आता मुलीने धरावा. बनुबाईने सोडला नाही. उलटा माझाच हात आवळला. म्हणाली, "सत्या, परवाच्या दिशी माझं प्वाट फाडनार हायेत गं. लई भ्या वाटतंय मला." मुलगी दुसऱ्या बाजूला बसली, तिने उजवा हात घेतला. वळ दिसलेच. "हे काय झालं?" बनुबाई म्हणाली, "सलाईन लावल्यालं." आणि लगेच दुसऱ्या विषयावर गेली, म्हशीच्या.

म्हणजे आठवडाभर ती वेळ विचारत होती, फाटक बघत होती, ते ह्याच्यासाठी. मुलगी येईल का, आणि ऑपरेशनआधी येईल का. मी गज मोजत होते.

शनिवार, १५ फेब्रुवारी

काल ऑपरेशन झालं, ठीक झालं. गाठ तपासायला पाठवलीय. शुद्धीवर येताना तिने पहिलं विचारलं, "पोरगी गेली का?" मला वाटलं सत्यशीला. सिस्टर म्हणाली, तुम्हालाच विचारतायत.

आणि आज मेमो आला. डॉक्टरांचं पत्र न्यायालयात पोचलं, आदेश दुरुस्त झाला, आणि दुरुस्तीखाली एक ओळ वाढली, की दरम्यानच्या काळात आरोपीस बेडी लावली होती काय याचा अहवाल सादर करावा. तो वरून खाली घरंगळत माझ्यापर्यंत आला. "आदेशाचा अर्थ स्पष्ट असताना आपण आठ दिवस आरोपीस बेडी का लावली, याबाबत सात दिवसांत लेखी खुलासा करावा. अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे समजून पुढील कार्यवाही करण्यात येईल." दोन वर्षांत दुसरी चौकशी. डबा तसाच परत आणला.

रविवार, १६ फेब्रुवारी

तात्या खुश आहेत. साहेबांनी काल सत्यशीलेचा जबाब घेतला. ती म्हणाली, बेडी मी डोळ्यांनी पाहिली नाही, मी आले तेव्हा ताई आईचा हात धरून बसल्या होत्या, लेकीसारख्या. बनुबाईनेही जबाबात काही तक्रार नाही म्हणून अंगठा दिला.

तात्यांनी खुलाशाचा मसुदा करून आणला. त्यात लिहिलंय, आदेशातील टंकलेखन चुकीमुळे अनवधानाने बेडी लावली गेली, चूक लक्षात येताच तत्काळ काढली, व त्यानंतर मानवतेच्या दृष्टिकोनातून आरोपीस धीर दिला. "मानवतेच्या दृष्टिकोनातून" त्यांनी अधोरेखित केलंय. "ह्याच्यावर सही कर अन् मोकळी व्हय. ताकीद देऊन सोडत्याल. मुलीच्या जबाबानं वाचलीस तू."

वाचले, असं मलाही वाटलं. मग वाटलं, शनिवारी लक्षात आलं आणि मंगळवारी काढली, त्याला तत्काळ म्हणायचं का? सही उद्या करते म्हटलं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

वॉर्ड दुपारी शांत असतो. बनुबाईला मी सांगितलं. म्हटलं, "मावशी, मी हात धरला होता तो तुम्ही पळू नये म्हणून. धीर द्यायला नाही."

ती म्हणाली, "ठाव हाय की."

"मग मुलीला का नाही सांगितलं?"

"आगं, धरला तवा बरं वाटलं मला. कशापायी धरला त्याची फोड कशाला करतीस." मग जरा वेळाने, "दोन बोटं आली परत. करंगळी न्हाई आली आजून." डॉक्टर म्हणतात, येईल किंवा नाही येणार, सांगता येत नाही.

मी विचारलं, "तुम्हाला राग नाही येत माझा?" म्हणाली, "दिराचा आला हुता. त्यो पुरं झाला मला जन्माला." मी तिला पाणी दिलं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज डिस्चार्ज. गाडी दाराशी लागली होती. तात्या पुढे कागदपत्रं करत होते, मी बनुबाईला उठवून बसवलं, चप्पल घातली, लुगड्याचा पदर नीट केला. बेडी आज आणलेलीच नव्हती. नव्या आदेशात साफ लिहिलंय, बेडी लावू नये.

ती उभी राहिली, आणि मी काही म्हणायच्या आत तिने दोन्ही हात माझ्यापुढे केले. मनगटं जोडून. मान खाली नव्हती, रागही नव्हता. सुई टोचायला डॉक्टर आले की पेशंट हात पुढे करतं, तसं.

मी म्हटलं, "नको, मावशी. नाही लावायची."

तिने हात मागे घेतले नाहीत. तिला वाटलं मी विसरले. हळूच म्हणाली, "मागून तुला बोलत्याल पोरी. घे लावून."

वॉर्डातले सगळे बघत होते. मी तिचे दोन्ही हात धरून खाली केले आणि तशीच तिला गाडीपर्यंत नेलं. तुरुंगाच्या दारात तिला आतल्या बाईच्या ताब्यात दिलं, पोच घेतली. ती वळून बघते का ते पाहायला मी थांबले नाही. भीती वाटली, ती तिथेही हात पुढे करेल.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

तात्यांच्या मसुद्यावर सही केली नाही. सकाळी स्वयंपाक करायच्या आधी नवा खुलासा लिहिला. आदिनाथने वाचला. म्हणाला, "नोकरी जाईल, आरती." मी म्हटलं, जाऊ शकते. हे म्हणताना मला भीती वाटत होती, हे मी त्याला सांगितलं नाही, इथे लिहिते. पाथर्डीला आई-बापांनी ऊसतोडीत कोयत्यावर राबून मला भरतीला पाठवलं होतं. नोकरी गेली तर त्यांना काय तोंड दाखवू हे मला माहीत नाही. कर्जाचा हप्ता कोण भरणार तेही माहीत नाही.

अकरा वाजता ऑफिसात रायटरकडे कागद दिला. साहेबांचा सगळा पत्रव्यवहार तेच बघतात. त्यांनी चष्मा चढवून वाचलं. फार नव्हतं. आदेशात बेड म्हणायचं आहे हे मला ८ तारखेला कळलं. ११ तारखेपर्यंत मी बेडी काढली नाही. त्यानंतर हात धरला तो आरोपी पळू नये म्हणून, त्यामुळे तिच्या मुलीच्या जबाबातील माझ्याबद्दलचा मजकूर खरा धरू नये. आरोपीच्या उजव्या हाताची करंगळी बधिर आहे, उपचार व्हावेत. हे सर्व मी भीतीपोटी केले.

रायटर म्हणाले, "आरतीबाई, 'भीती' हा शब्द खुलाशात चालत नाही. पोलीस खात्यात कुणी भीतीपोटी करत नाही. अनवधानाने लिहा, नजरचुकीने लिहा, गैरसमजातून लिहा. तिन्ही चालतात. बदला तेवढा."

मी म्हटलं, "नाही बदलत."

त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं होतं. ते मागे घेतलं, चष्मा काढला, त्याच पेनाने कागदावर आवक नंबर टाकला, आणि मला पोच दिली.